अंगठ्यावरचा वळ

माझ्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे. आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा. अंगठ्याच्या मुळाशी गोल, बारीक, लालसर वळ उमटलेला दिसतो. फोटो मीच काढला आणि मीच पुढे पाठवला. त्या एका फोटोमुळे रंजनाताई नावाच्या बाईचं काम गेलं. आणि आईचा उघडायला लागलेला उजवा हात पुन्हा मिटला.

घरात पॅरॅलिसिसचा पेशंट असलेल्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी लिहा, असं आमच्या फिजिओथेरपीच्या मुलीने सुचवलं. बाई कशी शोधायची, खर्चाची सोय कशी करायची, वगैरे. तेवढंच लिहून मोकळं होता आलं असतं. पण फोटोबद्दल न सांगता ते लिहिलं तर अर्धं खोटं होईल. मी बोलणारा माणूस नाही. चोपन्न वर्षांत घरच्यांनाही फार काही सांगितलेलं नाही. म्हणून लिहितो आहे.

सकाळचा कप

सकाळी साडेसातला आईच्या हातातून चहाचा कप सुटला. तिने खाली बघितलं आणि ती हसली, पण अर्ध्याच तोंडाने. मी समोर पेपर वाचत होतो. मला ते हसू विचित्र वाटलं, हे नक्की आठवतं. पण त्या दिवशी माझ्याकडे एका तालुक्याच्या कार्यालयाची तपासणी होती. मी सरकारी लेखापरीक्षक आहे. दुसऱ्यांची बिलं संशयाने बघायचा मला पगार मिळतो. माधुरीला, माझ्या बायकोला म्हटलं, "रात्री झोप झाली नसेल. पडू दे जरा." आणि निघालो.

अकराला माधुरीचा फोन आला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी काही बोलायच्या आत माधुरी म्हणाली, "सकाळी साडेसातपासून." डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला आता त्यांचा चेहरा आठवत नाही, ते बघणं तेवढं आठवतं.

उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. एकोणीस दिवसांनी नाकातली नळी निघाली आणि आम्हाला सांगण्यात आलं, "आता बाकीचं घरीच."

बाकीचं

"बाकीचं" म्हणजे काय ते घरी आल्यावर कळतं. दोन-दोन तासांनी कूस बदलायची. अंघोळ, डायपर, भरवणं, हातापायाचे व्यायाम. माधुरीची शाळा, माझं ऑफिस. मेडिक्लेमवाल्यांनी सांगितलं की घरी ठेवलेल्या बाईचा खर्च पॉलिसीत बसत नाही. हे आधीच विचारून ठेवा, आम्ही विचारलं नव्हतं.

सोय होती ती एकच. मखमलाबादची आमची फुलांची जमीन वडील गेल्यावर विकली होती, तिचे पैसे आईच्या नावावर मुदत ठेवीत होते. पण ते काढायला आईची सही हवी, आणि सही करणारा हात गेलेला. शेवटी बँकेचा माणूस घरी आला आणि त्याने डाव्या हाताचा अंगठा घेतला. त्या दिवशी माझी मोठी बहीण, अक्का, चांदवडहून मुद्दाम आली होती. कांद्याची काढणी सोडून आली, तेव्हाच मी ओळखलं की ही आईला बघायला आलेली नाही. बँकेचा माणूस गेल्यावर म्हणाली, "आईच्या पैशातनं आईचंच होणार ना विलास? का आणखी कुणाचं?"

मी फाइल आणली आणि सगळ्या पावत्या तिच्यासमोर ठेवल्या. तिने त्या बघितल्या नाहीत. तिने बघितल्या नाहीत याचाही मला संशय आला.

बाई पेशंटसाठी बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून घेतली, सकाळी आठ ते रात्री आठ. ब्युरो दर काही आठवड्यांनी बाई बदलतो. पेशंटला तिची सवय लागली की घरचे तिच्याशी परस्पर ठरवून टाकतात आणि ब्युरोचं कमिशन बुडतं, म्हणून. हे कळल्यापासून मला प्रत्येक गोष्टीमागे हिशेब दिसायला लागला. पहिली बाई दिवसभर फोनवर असायची. दुसरी आईला भरवायची आणि आईच्या ताटातलं निम्मं संपलेलं असायचं, पण कोणी संपवलं ते कळायचं नाही. मी कपाटाला कुलूप लावलं. साखरेच्या डब्यात साखर सपाट करून चमच्याने रेघ मारून ठेवायला लागलो. आता हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा ती हुशारी वाटत होती.

तिसरी बाई

तिसऱ्या आल्या त्या रंजनाताई. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या, पंचवटीत राहणाऱ्या. आधीच्या दोघींनी पहिल्या दिवशी पेशंटचं वजन विचारलं होतं. यांनी चप्पल काढता काढता विचारलं, "आजी काय काम करायच्या?"

"काही नाही," मी म्हणालो. "घरीच असायची."

"तशी कुणी नसती बसून, भाऊ. हाताला काय सवय होती, ते विचारते मी."

"पूजाबिजा. टीव्ही बघायची."

त्यांनी आईच्या हाताकडे बघितलं आणि विषय सोडला. मी मात्र सोडला नाही. बाईला असल्या चौकशा कशाला हव्यात? घरात पूर्वी काय होतं, कुठून पैसा आला, हे काढून घेण्याची ही रीत असते, असं मी माधुरीला सांगितलं. माधुरी म्हणाली, "तुम्ही ऑफिस घरी आणू नका."

मग एकेक गोष्ट नजरेत यायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुपारी तुमचं दार आतून कडी लावलेलं असतं. रंजनाताईंची कापडी पिशवी येतानाही फुगलेली असायची आणि जातानाही. एकदा हात लावून बघितला तर बूड ओलं. मी आईच्या साड्या मोजल्या. बरोबर भरल्या. तरी वाटलं, आपल्या ध्यानात न येणारं काहीतरी जात असणार. संध्याकाळी आईच्या बोटांची टोकं हिरवट-काळी दिसायची. रंजनाताईंना विचारलं की म्हणायच्या, "धुते हो परत."

त्याच दिवसांत आई नीट जेवायला लागली होती. उजव्या हाताची बोटं थोडी थोडी उघडायला लागली होती. फिजिओची मुलगी खूश होती. हे सगळं मला दिसत होतं. पण त्याचा ओल्या पिशवीशी काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही. चांगलं घडलं की मी ते औषधाच्या खात्यावर टाकायचो आणि न कळणारं रंजनाताईंच्या.

एका संध्याकाळी आईच्या पायाला तेल लावताना तो वळ दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिथेच. तिसऱ्या दिवशीही. पायाला सूज असल्यामुळे रात्रीपर्यंत तो मावळायचा नाही. ऑफिसात देशमुखांनी सांगितलं होतं, "बायका पेशंटचा पाय पलंगाला बांधून खुशाल झोपा काढतात. आमच्या काकांचं तेच झालं." मला सगळं उलगडलं असं वाटलं. कडी का लावतात, तेही.

मी आईला विचारलं, "हे काय झालं? कुणी बांधलं?"

आईचे ओठ हलले. काहीतरी जुळवत होती. मी थोडा वेळ थांबलो, मग म्हटलं, "राहू दे." तिने डाव्या हाताने चादर ओढून पाय झाकून घेतला. ती घाबरली आहे, असा मी अर्थ लावला. मग चादर बाजूला करून फोटो काढला.

जिन्यात

दुसऱ्या दिवशी रंजनाताई निघाल्या तेव्हा मी जिन्यात त्यांना थांबवलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं.

"आईचा पाय बांधता तुम्ही?"

त्या दचकल्या. हेच मला हवं होतं. मी मोबाइल पुढे केला. फोटोकडे त्यांनी नीट बघितलं.

"तसं नाय ते, भाऊ."

"मग कसं?"

त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आजींना विचारा."

"आईला बोलता येतं का?"

"येतं. तुम्ही थांबत नाय तेवढा वेळ."

हे मला फार लागलं. खरं होतं म्हणून लागलं, हे आज म्हणतो. तेव्हा एवढंच वाटलं की ही उलट बोलते आहे. ब्युरोला फोटो पाठवला. खाली लिहिलं, "पेशंटला बांधून ठेवते." पाच मिनिटांत त्यांचा फोन आला, "सर, असल्या बाईला आम्ही कुठेच पाठवणार नाही." मी थँक यू म्हणालो.

आईला सांगितलं, "रंजनाताईंना एकाएकी गावाला जावं लागलं. परत येणार नाहीत."

आईने माझ्याकडे बघितलं. आठवडाभर तरी रोज सकाळी आठच्या सुमाराला ती मान दाराकडे वळवायची. नंतर वळवायची बंद झाली.

चौथी बाई आली, पाचवी आली. दोघी वाईट नव्हत्या. वेळेवर कूस बदलायच्या, वहीत लिहायच्या. अंगठ्यावर वळ नव्हता. आई भरवलं तेवढं खायची आणि भिंतीकडे तोंड करायची. महिन्या-दीड महिन्यात उजव्या हाताची मूठ अशी घट्ट झाली की नखं तळव्यात रुतायला लागली. फिजिओची मुलगी म्हणाली, "काका, मधे तर बोटं किती छान सुटत होती. तुम्ही घरी काय करून घेत होतात?"

"काही नाही," मी म्हणालो.

अक्काने काय ओळखलं

संक्रांतीला अक्का आली. आईची मूठ बघितली आणि माझ्यावर घसरली. "लय पैसा चाललाय, आन् हात तर दगड झालाय. कुठं जातंय सगळं?"

मी चिडलो. आईकडे माझं किती बारीक लक्ष असतं, हे तिला दाखवायचं होतं. तिला बाहेरच्या खोलीत नेलं, मोबाइल काढला आणि म्हणालो, "बघ. एक बाई आईला बांधून ठेवायची. मी पकडलं. त्याच दिवशी हाकलली."

अक्काने चष्मा लावला. फोटो मोठा करून बघितला. मग मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"विलास, हा दोऱ्याचा वळ हाय."

"तेच म्हणतोय, दोरीने..."

"दोरी नाय. दोरा. हाराचा. आईच्या ह्याच अंगठ्याला हा वळ बघत मोठं झालो ना आपण. तू विसरला?"

ज्यांनी कधी गजरा बांधताना बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवतात. दोरा ताणून धरतात आणि फुलं दोन-दोन ठेवत वर गाठ देत जातात. पहाटे तोडलेली फुलं सकाळच्या आत बांधून बाजारात जायला हवीत, म्हणून आमच्या घरी आई कंदिलाजवळ पाय पसरून बसायची. अंगठ्यावरचा वळ वर्षभर असायचा. लहानपणी मी तिच्या पायाशी झोपायचो, आणि त्या वळावर बोट फिरवत झोपायचो. मी. ज्याने फोटो काढला तो.

का विसरलो, तेही सांगतो. आम्ही या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आईचा हात रिकामा राहीना. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून सुटी फुलं आणायची आणि खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या बायकोबरोबर गजरे बांधत बसायची. संध्याकाळी ते देवळासमोर विकले जायचे. मी तेव्हा नुकताच अधिकारी झालो होतो. एक दिवस तिला वर बोलावून म्हणालो, "इथं लोक मला साहेब म्हणतात, आणि तू खाली पाय पसरून गजरे बांधतेस." तिने दोऱ्याचं रीळ कुठेतरी ठेवून दिलं. मी पुन्हा कधी पाहिलं नाही. म्हणूनच रंजनाताईंनी आई काय काम करायची असं विचारलं, तेव्हा "काही नाही" हे उत्तर माझ्या तोंडावर तयार होतं.

अक्का आत गेली आणि आईच्या उशीचा अभ्रा चाचपला. जपून ठेवायचं ते आई तिथेच ठेवते, हे तिला ठाऊक होतं. तळाशी दोऱ्याचं रीळ निघालं. आई डोळे मिटून पडली होती. अक्का बाहेर येऊन हळूच म्हणाली, "त्या बाईनं तुला सांगितलं का नसंल, कळतंय का?"

कळत होतं. आईने तिला सांगू दिलं नव्हतं. आणि त्या बाईने काम घालवलं, पण आईचा शब्द मोडला नाही.

फुलबाजार

ब्युरोने पत्ता दिला नाही. त्या ओल्या पिशवीतली फुलं बाजारातूनच येत असणार, म्हणून सकाळी गोदाकाठच्या फुलबाजारात गेलो. तीन दिवस विचारत फिरलो तेव्हा शेवंतीचा ढीग घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "रंजी? माझी नणंद. तुम्ही कोण?" मी नाव सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणजे ते फोटोवाले."

रंजनाताईंना तीन महिने काम नव्हतं. आता गंगापूर रोडला एका आजोबांकडे होत्या, ब्युरोशिवाय. जेवणाच्या सुट्टीत इमारतीच्या फाटकापाशी त्या मला भेटल्या. जाताना रस्त्यात मी काय विचार करत होतो, तेही खरं सांगतो. ही आता काय मागेल? पोलिसात जाईन म्हणेल का? आणि माफी मागायला गेलेल्या माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "पण तुम्ही ते गजरे विकायच्या ना?"

"विकायचे. मग काय टाकून द्यायचे? आजींनी बांधलेले टाकवतात का?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या दिवशी हातभर लांब वेणी बांधायला सगळी दुपार गेली. आठ दिवसांनी दोन हात व्हायची. रोज विचारायच्या, विकलं का. खोटं सांगून चालायचं नाय, चेहरा बघायच्या माझा."

"आईने तुम्हाला हे कसं सांगितलं? ती बोलत नाही."

"मी पिशवीतनं फुलं नेत होते भावजयीला. आजींनी बघितली आन् डावा हात पुढं केला. काय सांगायला लागतंय त्यात?"

मी माफी मागितली. नीट जमलं नाही. ब्युरोला पत्र देतो म्हणालो, दिलंही. त्यांनी मान हलवली, मग विचारलं, "माझं सोडा. आजींना काय सांगितलं?"

"तुम्ही गावाला गेलात म्हणून."

"न सांगता?"

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे चार महिने त्यांना वाटतंय, रंजी न सांगता निघून गेली." पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "मी कामाला येणार नाय. ह्या आजोबांना सोडून येता येत नाय, आन् तुमच्या घरी मला भीती वाटती. पण आजींना भेटायला येईन एका रविवारी. आधी तुम्ही सांगा त्यांना. मी यायच्या आधी. आन् फुलं दिलीत बांधायला, तर त्या पायाला दोरा अडकवू नका. ते माझं चुकलंच. पाय बधिर हाय, त्यांना कळत नाय. त्या ऐकत नव्हत्या, म्हणून केलं."

सांगणं

सांगायला मला अकरा दिवस लागले. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं. मनात एक घाण विचारही यायचा, की आईला तरी कुठे सगळं समजतं. मला सोयीचं होतं तेव्हा मी आईची समज कमी धरायचो.

शेवटी सकाळी बाजारातून शेवंती घेऊन आलो आणि ऑफिसला रजा टाकली. आईला खुर्चीत बसवलं. खाली फरशीवर बसून सगळं सांगितलं. फोटो, जिना, ब्युरो, गावाला गेली हे खोटं, आणि पार्किंगमधलं ते जुनंही. या वेळी मी थांबलो. किती वेळ ते माहीत नाही. आईचे ओठ जुळवाजुळव करत राहिले.

"ती..." आई म्हणाली. मग खूप वेळाने, "गेली नाही."

"नाही. मी घालवली."

आईने तोंड फिरवलं. त्या दिवशी तिने माझ्या हातून घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवंती बादलीत मलूल झाली. मी तिसऱ्या दिवशी नवीन आणली, चौथ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी तिने बादलीकडे बघितलं आणि डावा हात पुढे केला.

मी रीळ काढलं. दोरा कशाला अडकवायचा हा प्रश्न होता. खुर्चीच्या हाताला अडकवला, तिने मान हलवून नको म्हटलं. टेबलाच्या पायाला अडकवला, तोही नको. मग तिने बोट दाखवलं. माझ्या पायाकडे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर मी आईसमोर फरशीवर पाय पसरून बसतो. दोरा माझ्या अंगठ्याला. ती डाव्या हाताने फूल ठेवते आणि उजव्याची दोन बोटं दोऱ्यावर आणायचा प्रयत्न करते. कधी येतात, बऱ्याचदा येत नाहीत. मी हललो तर दोरा सैल पडतो आणि ती रागावते. म्हणून फोन घेता येत नाही, पेपर घेता येत नाही, उठताही येत नाही. चारपाच शब्द बोलते ती त्या तासात. मी थांबतो तेवढा वेळ.

आता सहावी बाई आहे. ती आली त्या दिवशी मीच तिला सांगितलं, "आमची आई हार बांधायची." साखरेच्या डब्यातली रेघ बंद केली. संशय गेला असं म्हणत नाही. तीस वर्षांची सवय आहे. दार लावलेलं दिसलं की आजही पहिला विचार तोच येतो. पण आता मी फोटो काढत नाही, आईसमोर बसून विचारतो.

रंजनाताई एका रविवारी आल्या. आईने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. चहा घेऊन आलो तेव्हा रंजनाताईंची नजर माझ्या पायावर गेली. अनवाणी होतो. अंगठ्याच्या मुळाशी गोल, लालसर वळ.

त्यांनी आईकडे बघितलं. आई अर्ध्या तोंडाने हसली.

"भाऊ," रंजनाताई कप घेत म्हणाल्या, "याचा फोटो काढला का?"